घाटीतली रांग

ऐका. पुढे सरका जरा, ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. मी व्यापारी माणूस, नारळ कानाशी वाजवल्याशिवाय घेत नाही. पण ही गोष्ट घेतली तशीच, कारण ती आमच्या घरातली. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, लाडोबा मुकादम, त्यांची.

तर दिवस बुडाला होता, आणि लाडोबा हडकीची घाटी उतरायला निघाले. एकटे. हातात पेटती चूड. घाटमाथ्यावर खानावळवाली म्हातारी होती, ती म्हणाली, "मुकादमानू, काळोखात खय चललात? आणि पोरा खय तुमची?"

लाडोबा थांबलेच नाहीत. चालता चालता म्हणाले, "मागसून येतत."

मागून येताहेत! अहो, कुठून येणार?

लाडोबा गोऱ्या साहेबाच्या कॉफीच्या मळ्याला माणसं पुरवायचे, तिकडे कुर्गात. भातकापणी झाली की गावातली तरणी पोरं न्यायची, पावसाच्या तोंडावर परत आणायची. बोलणं इतकं गोड, की आया आपल्या हाताने बोचकी बांधून द्यायच्या. घाटीत रांग चालायची. पुढे लाडोबा, मागे एकामागे एक गडी. वळण आलं की लाडोबा ओरडायचे, "शेपूट इला काय रे?" शेवटचा गडी ओरडायचा, "इला!" म्हणजे आलं. शेपूट बोललं की रांग हलणार, नाही तर नाही. म्हणून कधी कोणी दरीत गेला नाही.

त्या साली शेपटाला होता फटू, लाडोबांच्या विधवा बहिणीचा, सुंदराचा, एकुलता एक. ती सोडत नव्हती. लाडोबा म्हणाले, "अगो, माझ्या डोळ्यांफुडे रवतलो तो."

राहिला डोळ्यांपुढेच. डोळ्यांपुढेच गेला. मळ्यात ताप आला आणि पोरं पटापट पडली. लाडोबांनी साहेबाचे पाय धरले, डॉक्टर आणा म्हणाले. साहेब म्हणाला, आधी तोडणी. जाळायला लाकूड फोडावं, तर त्यालाही माणूस देईना. शेवटी मळ्याच्या कडेला पुरली पोरं. ना पाणी, ना पिंड. जी थोडी वाचली, त्यांना साहेबाने सोडलं नाही. आता सुंदराला हे सांगायचं कोणी? लाडोबांनी. दिवसाउजेडी गावात शिरायची छाती होईना, म्हणून ही रात्र धरली.

पहिलं वळण आलं. माणूस विचारात होता हो! तोंडाला सवय. मागे न बघता ओरडले, "शेपूट इला काय रे?"

आणि खूप मागून, खूप वरून, आवाज आला, "इला!"

काय म्हणतोस दाजी, घुमला असेल आवाज? अरे, डोंगर आपलाच प्रश्न परत देतो. उत्तर देत नाही! आणि आवाज कोणाचा? फटूचा. मी दुकानात पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून गिऱ्हाईक ओळखतो. हे तर मामा होते.

लाडोबांनी मागे बघितलं नाही. चालत राहिले. दुसऱ्या वळणावर ओठ घट्ट मिटून घेतले. हूं की चूं नाही. तर मागून, आता जवळून, "मुकादमानू, हाक मारूक नाय?"

धावले. चूड विझली. काळोख असा, की आपला हात आपल्याला दिसेना. आणि मागे पावलं. एकाची नव्हेत, रांगेची! कोणी खोकतंय. कोणाचे दात वाजताहेत, तापात वाजतात तसे, कडकड, कडकड. काळोखात गडी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात ना? तसा लाडोबांच्या खांद्यावर हात पडला. थंड. ओल्या मातीने भरलेला. झटकला, पुन्हा पडला. झटकला, पुन्हा पडला!

मग कानाशी अगदी मायेने, "मामानू, तुमी दमलात. मी फुडे जातंय."

हात सुटला. पावलं त्यांना वळसा घालून पुढे गेली. एक गेलं, दुसरं गेलं, सगळी गेली. लाडोबांना वाटलं, सुटलो. पण पाय ऐकतील तर ना! पाय आपोआप त्या पावलांमागे चालू लागले. वाट सोडून, दरीच्या बाजूला. पायाखालचे दगड खाली घरंगळत होते, आणि खाली पोचल्याचा आवाजच येत नव्हता.

रांग थांबली. पुढून हाक आली, "शेपूट इला काय रे?"

हाक कोणाच्या आवाजात? लाडोबांच्या स्वतःच्या!

आता समजलं? आता शेपूट कोण? एक शब्द तोंडातून गेला की माणूस त्या रांगेतला झाला. आणि जन्मभराची सवय, शब्द जिभेवर येऊन बसलेला! लाडोबांनी मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं. खाली पडले, हाताला एक मूळ लागलं, त्याला मिठी मारली. पुन्हा हाक. पुन्हा हाक. मग फटू रडायला लागला.

"मामानू, एकदाच इला म्हणा. शेपूट बोलल्याशिवाय रांग हलणा नाय. थंडी लागता ओ. आवशीकडे जावचा आसा." आईकडे जायचं होतं पोराला.

काय करावं त्या माणसाने? बोलावं तर जीव जातो. न बोलावं तर पोरं तिथेच. पडून राहिले. ऐकत राहिले. रडत राहिले. रात्रभर.

सकाळी लाकूडतोडे आले तेव्हा लाडोबा कड्याच्या टोकावर, मुळाला धरून. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तोंडातलं मुंडासं काढू देईनात.

घरी आणलं. सुंदरा दारापुढच्या खळ्यात उभी होती. भावाकडे बघितलंच नाही तिने, त्याच्या खांद्यावरून वाटेकडे बघत होती. म्हणाली, "दादा, फटू मागे रवलो काय?"

लाडोबांनी तिचे पाय धरले. पुन्हा मुकादमकी केली नाही, पण त्याने काय होणार होतं?

तेव्हा सांगतो, हडकीच्या घाटीने जाऊ नका. कितीही घाई असो, बरोबर कितीही माणसं असोत. माझा माल मी पलीकडच्या गाडीरस्त्याने नेतो, लांबचा पडतो, तरी नेतो. माझ्यासारखा चिकट माणूस जास्तीचं भाडं भरतो, यावरून काय ते ओळखा. ती पोरं वाईट नाहीत रे. आपलीच आहेत. त्यांना फक्त घरी यायचंय, आणि रांग अजून त्या वळणावर थांबलेली आहे.