देवमुठीची दवंडी

मायबापहो,

तुम्ही सगळे आलात. जवळा बाजाराहून आलात, शेतातली कामं टाकून आलात. मी देवळात दिवाबत्ती करणारा गुरव. देवापुढं हळू बोलायची सवय. इतक्या माणसांपुढं उभं राहून काय बोलावं, ते सुचत नाही. रडूही येत नाही. तुळशीराम परवा तापानं गेला. एवढंच डोक्यात आहे. पुढं काही सरकत नाही.

तुळशीराम आपल्या गावचा दवंडीवाला. त्याच्या घराण्याचा तो हक्क. हलगीवर थाप पडली की बाया चुलीवरून उठून दारात यायच्या. बैल हरवला, दवंडी. पटकी आली, दवंडी. तो म्हणायचा, "गुरवबाबा, तुमचा आवाज देवालाबी ऐकू येत न्हाई. कवा तरी मला सांगा, म्या ओरडतो."

मंडळी, आपल्याकडं देवमूठ होती. कापसाची गाडी बाजारात आली की देवाच्या वातीसाठी एक मूठ काढायची. मग जिनिंगची कंपनी आली. देवमूठ तिच्या फाटकावर घेऊ लागले. मूठ होती, तिची ओंजळ झाली. ओंजळ होती, तिची टोपली झाली. आणि देवळात? देवळात मी जुन्या धोतराच्या वाती वळत होतो.

एका संध्याकाळी तुळशीराम पायरीखाली येऊन उभा राहिला. त्याला पायरी चढू देत नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाला, "देव अंधारात काहून बसून राहिला?"

मी सगळं सांगितलं.

"मंग मागा की कापूस."

म्हटलं, मागून पाहिलं. मॅनेजर म्हणतो, पुढच्या वर्षी.

त्यानं काखेतली हलगी सावरली. मग म्हणाला, "बरं. कंपनी देऊन राहिली, अशी दवंडी देतो."

"अरे, खोटी दवंडी?"

"खोटी का खरी, ते कंपनीनं ठरवावं."

आणि दिली त्यानं. ऐका हो ऐका! येत्या बाजाराला कंपनी देवाचा समदा कापूस देवाला देणार हाय होऽ! मॅनेजर साहेबांचा सत्कार हाय होऽ!

तुमच्यातले किती जण होते त्या दिवशी? ताशे होते. सजवलेली रिकामी गाडी होती. मॅनेजर बाहेर आला, खुशीत मान वाकवली, हार घालून घेतला. लोक आपलं कौतुक करतात, यात त्याला काही नवल वाटलं नाही. तेवढ्यात आपली भागीरथीबाई पुढं झाली. "साहेब, गाडी कुठं लावायची?"

"कसली गाडी?"

"आता गं बया! देवाच्या कापसाची."

साहेबाचा चेहरा उतरला. गळ्यात हार तसाच, आणि म्हणाला, "इथं देवाचा कापूस नाही. फाटकातून आत आला तो कंपनीचा."

ताशे थांबले. 

मग पोलिसांच्या अमीन साहेबांकडं तक्रार गेली. तुळशीरामला चावडीवर बोलावलं. मॅनेजर म्हणाला, यानं बाजारोबाजार जाऊन कबूल करावं की दवंडी खोटी होती. तुळशीरामनं हात जोडले. "कबूल करतो, साहेब. पण काय म्हणू, ते बराबर सांगा. माझ्याकडून चूक व्हायची." मॅनेजर साहेबांनीच शब्द सांगितले. यानं दोनदा म्हणून दाखवले.

जवळा बाजार, कळमनुरी, आखाडा बाळापूर. ऐका हो ऐका! म्या खोटं बोललो होऽ! कंपनी देवाचा कापूस देणार न्हाई होऽ! फाटकातून आत आला तो कंपनीचा होऽ! मॅनेजर साहेबांच्या हुकमावरून!

कंपनीनंच त्याला गावोगाव फिरवलं, मंडळी. एक शब्द त्यानं पदरचा घातला नाही. लोक हसले, आणि घरी गेले. पुढच्या बाजारापासून फाटकावरची टोपली रिकामी राहिली. तुम्ही मूठ घेऊन थेट देवळात येऊ लागलात.

वाती गाभाऱ्यात जळत राहिल्या. तुळशीराम पायरीखालीच राहिला.

आणि त्याची हलगी गेली. कंपनीनं जोर लावला, हक्क काढून दुसऱ्याला दिला. तो सडकेवर खडी फोडू लागला. मी एकदा विचारलं, तकलीफ होते का रे? म्हणाला, "खडीची न्हाई. बाजाराच्या दिवशी हात नुसते बसून ऱ्हातात, त्याची." 

परवा तो गेला, तेव्हा गावात कोणी दवंडी दिली नाही. नवा माणूस परगावी होता. तुळशीराम गेल्याचं मला पाणी भरणाऱ्या बाईनं सांगितलं. मी ऐकलं, आणि घागर भरून घेतली. काय करायचं, ते कळेना.

त्याचा भाऊ दगडू इथं मागं उभा आहे. पुढं ये म्हटलं तर येत नाही. त्याला हलगी वाजवता येते. भावानंच शिकवली. पाटील, तुम्ही समोर बसला आहात. हक्क काढायला शब्द तुमचा लागला होता, परत द्यायलाही तुमचाच लागेल. कंपनीचा धाक तेव्हा होता, मला माहीत आहे. दगडूला हलगी द्या. आज उत्तर देऊ नका. उद्या मी चावडीवर येतो. परवाही येईन. द्याल तोवर येईन.

तुळशीरामाच्या आत्म्याला देव आपल्याजवळ जागा देवो. तिथं पायरी नसावी.

आता थोडा वेळ कोणी बोलू नका. उभे राहा सगळे. पाटील, तुम्हीही.