नाय म्हाराजा!

ऐका हो सज्जन! देवापुढे हात जोडायचे आणि तोंडाने 'नाही' म्हणायचं — हे पाप की भक्ती? ...पाप? पुढच्या रांगेने निकालही लावला! पुढच्या रांगेला नेहमीच घाई. पेटीवाले, सूर धरून ठेवा. आपल्याला शिसवलीला जायचंय.

शिसवली! कोकणातलं गाव, आणि गावाच्या डोक्यावर रवळनाथाची राई. देवाचं रान! पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. त्यात एक झाड, सातवीण — एवढी दांडगी, की सहा जणांनी मिळून मिठी मारली तरी पहिल्याला चौथा दिसायचा नाही! तिच्या मुळाशी झरा. भामाकाकीचा हंडा तिथेच भरायचा. तिच्या सासूचाही तिथेच, सासूच्या सासूचाही.

भामाकाकी म्हणजे सोनू घाड्याची बायको. आणि सोनू? गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा! तो एकेक मागणं मागणार, आणि मागून गाव ओरडणार — व्हय म्हाराजा! करा बघू तुम्ही! ...शाब्बास! मी काय मागितलं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही! असो. पुढे बघू.

एके दिवशी सोनूच्या पडवीत लाकडाचे व्यापारी बाबलशेट टेकले. म्हणाले, "घाडीनू, देवाचा देऊळ किती जुना! राई माका द्या, मी संगमरवरी बांधून देतंय."

वा! देवाला घर द्यायचं, म्हणून देवाचंच घर पाडायचं!

"गावाची सभा घेवक् व्हयी," सोनू म्हणाला.

"सभा कित्याक? सभेत लोक भांडतत. गाऱ्हाण्यात घाला!"

काय डोकं आहे बघा! सभेत माणूस विचार करतो, गाऱ्हाण्यात फक्त 'व्हय' म्हणतो. आणि देवापुढे एकदा 'व्हय' म्हटलं, की शिसवलीत ते कुणी फिरवत नाही. भामाकाकी चहा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. शेट गेल्यावर ती म्हणाली, "राई तुटली तर झरो आटात."

"देव बघून घेतलो," सोनू म्हणाला. सगळं देवानेच बघायचं, तर आपल्याला डोळे कशाला दिले?

सप्ताहाचा दिवस. देवळात गाव जमलेलं, पुरुष पुढे, बायका मागे. सोनूने नारळ ठेवला, खणखणीत आवाज लावला —

"बा देवा रवळनाथा! ह्यो नारळ गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांका सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही राई शेटाक देवन तुजा नवा देऊळ बांधूचा हा, म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

"नाय म्हाराजा!"

मंडळी, टाळ थांबले! त्या देवळात हा शब्द कुणी कधी उच्चारलाच नव्हता. सोनू वळला. "कोण ता?"

"मी."

"मी म्हंजे कोण?"

"घराक चला, मगे सांगतंय!"

हसू नका! घरोघरी हेच गाऱ्हाणं आहे.

शेट उसळले, "गाऱ्हाण्यात नाय म्हणूची पद्धत नाय!"

काकी म्हणाली, "पद्धत नाय, पण बंदी खय हा? देवाक इचारलास मां? मगे त्याका दोनय उत्तरां आयकूंदेत!" आणि नवऱ्याला म्हणाली, "काय मागलास ता परत बोला. हळू बोला. माका आयकूचा आसा."

सोनूने तोंड उघडलं. "देवा... तुजी राई..." आणि मध्येच थांबला! जन्मभर गाऱ्हाणी घातली. 'व्हय' मिळणार हे ठाऊक, म्हणून स्वतःचे शब्द त्याने स्वतःच कधी ऐकले नव्हते! त्याने मागे, बायकोकडे पाहिलं. मग मूर्तीकडे. आणि असा आवाज चढवला —

"बा देवा! ह्या राईत जो कोण कुऱ्हाड घेवन येतलो, तेच्या आडवां जावची ताकद आमका सगळ्यांका दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सातविणीवरचे धनेश पक्षी फडफडून उडाले! आणि त्या गजरात एक आवाज कुणाचा होता, सांगा? बाबलशेटांचा! हात जोडलेले, डोळे मिटलेले... लहानपणापासूनची सवय हो! तोंडातून निघून गेलं!

तरी लाकूडतोडे आलेच. आधीच ठरवलेले होते ना! राईच्या तोंडाशी अख्खं गाव उभं, पुढे भामाकाकी, हंडा कमरेवर. शेट ट्रकमधून उतरले तशी तिने बाजूला सरकून जागा केली.

"येवा शेटनू! आमच्या वांगडा हुबे ऱ्हवा. देवासमोर व्हय म्हणालास मां?"

शेटांनी राईकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि ट्रक वळवायला सांगितला. सातवीण आजही उभी आहे. आणि आता शिसवलीत गाऱ्हाण्याला बायका पुढे उभ्या राहतात!

मग पुढची रांग, काय म्हणता? पाप? ...आता कशी गप्प!

आणि तुम्ही सगळे! मघाशी मी न मागितलेल्याला मोठ्याने 'व्हय' म्हणालात! उद्या तुमच्याही टेकडीवर कुणीतरी येईल. रस्त्याच्या नावाने येईल, विकासाच्या नावाने येईल, फार हुशार असेल तर देवाच्या नावाने येईल. तेव्हा हात जरूर जोडा, डोळेही मिटा. पण कान उघडे ठेवा! आणि मागच्या रांगेतून 'नाय' ऐकू आलं, तर वळून 'कोण ता?' विचारू नका. थोडं सरका, तिला पुढे येऊ द्या.

एवढी बुद्धी आम्हांला दे, म्हाराजा!

...हं. आता ऐकून म्हणालात!