गृहिनीचं पुल्लिंग

आमचं मूळ घर वसईच्या खाडीकडचं, भातशेतीवालं. जमीन भावाभावांत वाटता वाटता माझ्या वाट्याला एवढीशी आली की तिच्यात बैल वळायचा नाही. म्हनून मी सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात लागलो, मशीनवर. बायको नर्स, पर्मनंट. आता बोळिंजला राहतो, बिल्डिंगमधे.

काय सांगू तुम्हाला, पोरगी झाली आन् हिची रजा संपली, तेव्हा प्रश्न आला की पोरीला बघनार कोन. माझं काम कॉन्ट्रॅक्टवर, हिचं पक्कं, मग मीच म्हटलं मी राहतो घरी. माझी आई म्हनाली, बाप्या मानूस घरात बसनार? मी म्हटलं, बसायला मिळालं तर सांगतो तुला. सकाळी नळाला पानी येतं तिथनं जे सुरू होतं, हिचा डबा, पोरीची आंघोळ, मासे साफ करायचे, आन् मासे मी आईपेक्षा चांगले करतो, हे आईपन मानते, असो.

पन हिनं ते बाहेर कधी सांगितलं नाही. सोसायटीत कोनी विचारलं की हिचं ठरलेलं, यांची शेती आहे. मला राग यायचा, भांडलोपन. ती म्हनायची, लोकं तुम्हाला नावं ठेवतात, मला ऐकवत नाही. मी म्हनायचो, ठेवू दे लोकांना, तू तरी खरं बोल.

मग पोरीला पहिलीत घालायचं होतं. दोघं गेलो शाळेत, फॉर्ममधे वडिलांचा व्यवसाय असा रकाना, ही हळूच म्हनाली शेती लिहा. मी लिहिलं घरकाम. खिडकीतल्या बाई म्हनाल्या, कोनाकडे जाता कामाला? मी म्हटलं, कोनाकडे नाही, आमच्याच घरी. त्यांना समजेना. बाईचं असतं तर गृहिनी लिहितात, बाप्याला काय लिहायचं? मागनं एक आजोबा म्हनाले, गृहस्थ लिहा. बाई म्हनाल्या, आजोबा, गृहस्थ तर तुम्हीपन आहात, तो काय धंदा झाला? सगळे हसले, मीपन हसलो, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी घरकाम खोडलं आन् म्हनाल्या, बेरोजगार लिहिते.

माझं डोकंच फिरलं. पन मी तोंड उघडायच्या आधी ही पुढं झाली, आन् सगळ्या लायनीसमोर म्हनाली, "बाई, हे घरी राहिले नसते तर बेरोजगार मी झाली असती. घर आन् पोर हे सांभाळतात. तसंच लिहा."

बाईंनी लिहिलं, घर सांभाळतात. त्यांचं भलं होवो, त्यांना तरी कुठं माहीत होतं.

आता पोरगी पाचवीत आहे. कसला ना कसला फॉर्म येतोच, बाकी सगळा मी भरतो, पन तेवढा रकाना ही मला भरू देत नाही. ड्यूटीवरनं दमून आली तरी पेन मागते. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही काय? म्हनते, येतं हो, पन ते मलाच लिहायचंय.