देवीच्या ओटीत एक्स्टेन्शन बोर्ड

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका. आज एकच प्रश्न विचारतो — आपण नेम धरतो, तो देवासाठी की स्वतःच्या तोऱ्यासाठी? लगेच 'देवासाठी' म्हणू नका! आधी ऐका, मग माना हलवा.

कराडचे मुकुंदराव सरंजामे. तालुका कचेरीतून निवृत्त, नेमाचा माणूस! नवरात्रात घरी अखंड दिवा, वडिलांपासून चालत आलेला. आता अखंड म्हणजे रात्रीसुद्धा तेल घालायला हवं. उठणार कोण — मुकुंदराव? छे हो! त्यांची बायको, इंदुमतीबाई. आणि गावात नाव कुणाचं? "मुकुंदरावांचा दिवा कधी विझत नाही!" तुमच्याकडे असं नसतं, मला माहीत आहे.

तर झालं काय — मुलीनं आईवडिलांना बोटीच्या सहलीची तिकिटं काढली. प्रचंड बोट! मुंबईहून निघते, समुद्रात हिंडवते, परत आणून सोडते. तारखा मात्र नेमक्या नवरात्रातल्या.

इंदुमतीबाई म्हणाल्या, "अहो, दिव्याकडे जाऊबाई बघतील."

"दिवा माझा आहे. माझ्याबरोबर येईल!"

बोटीवर ज्योत लावू देत नाहीत. म्हणून मुकुंदरावांनी विजेवरचा दिवा आणला. आता केबिनमध्ये प्लगची जागा एकच, आणि नियम असा — एक्स्टेन्शन बोर्ड आणायचा नाही, किटली आणायची नाही. का? घरी आग लागली तर आपण रस्त्यावर पळतो. समुद्रात कुठं पळणार?

पण मुकुंदरावांना दिवा हवा, मोबाईल हवा, आणि चहा स्वतःच्या हातचाच हवा! त्यांनी बोर्ड खणात गुंडाळला, मूठभर तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं — झाली देवीची ओटी! किटलीत विड्याची पाच पानं खोचली, वर नारळ — झाला कलश! हँडल? हँडलला हार घातला!

"अहो, देवीशी खोटं?" इंदुमतीबाई घाबरल्या.

"देवीशी कुठं? खोटं बंदरावरच्या शिपायाशी आहे. देवीला सगळं माहीत आहे."

बंदरावर तपासणीचं यंत्र ओरडलं. शिपायानं पिशवी उघडली, कलश पाहिला — आणि बिचाऱ्यानं हात जोडले! पिशवी सुटली. मुकुंदराव म्हणाले, "देवी पावली." देवीला कुणी विचारलं नाही.

केबिनच्या दाराशी एक खाच होती. खोलीचं कार्ड त्यात असेल तोवर वीज. बाहेर जाताना कार्ड काढलं की सगळं बंद. माणूस नसताना काही तापत राहू नये, म्हणून केलेली सोय. पण मग दिवा विझणार! मुकुंदरावांनी खिशातून एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढलं आणि खाचेत सरकवलं. समुद्रातसुद्धा सवलत लागू झाली!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंदुमतीबाईंना बोट लागली. गोळी घेऊन त्या झोपल्या. बोर्ड पलंगाच्या पायथ्याशी, आणि साफसफाईवाल्याला दिसू नये म्हणून त्यावर दुलई! बोर्डाला काय काय? दिवा, दोन मोबाईल, एक पॉवर बँक, आणि आता किटली. तेवढ्यात वर डेकवर आरतीची तयारी ऐकू आली. मुकुंदराव उठले, म्हणाले, "इंदू, आरती घेऊन येतो." किटली चालूच, झाकण उघडं — म्हणजे ती आपोआप बंद व्हायचीही सोय गेली!

वर गेले आणि चार माणसांत सुरू झाले, "आमचा दिवा बोटीवरसुद्धा अखंड आहे बरं का!" लोक 'वा वा' म्हणाले.

आणि भोंगा वाजला! सहाव्या मजल्यावर धूर! सहावा — म्हणजे आपलाच! मंडळी, त्या जिन्यावर मुकुंदरावांना दिवा आठवला नाही, देवी आठवली नाही. आठवली ती इंदू. गोळी घेऊन झोपलेली. तो माणूस आयुष्यात प्रथमच मोठ्यानं रडत धावत होता.

गल्लीत धूर. खलाशांनी त्यांना अडवलं. इतक्यात त्या धुरातून एका खलाशाचा हात धरून इंदुमतीबाई आल्या! केस मोकळे, खोकताहेत, उजव्या हाताची बोटं भाजलेली. पण जिवंत!

मुकुंदरावांचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला रे पडला, की जुनी खोड वर आली! काय विचारलं असेल?

"इंदू... दिवा विझला का गं?"

इंदुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "विझला नाही. मी विझवला. भिंतीतला प्लग ओढला. इतकी वर्षं रात्री उठून तेल मी घातलं, विझवायचा हक्कही माझाच!"

बोटीचा अधिकारी वितळलेला बोर्ड घेऊन आला. खण जळून चिकटला होता. "हे काय आहे?" मुकुंदरावांच्या तोंडाशी 'ओटी' आलं होतं. पण बायकोची बोटं समोर होती. म्हणाले, "बोर्ड आहे. मी लपवून आणला."

पुढचे दिवस कसे गेले? मोबाईल टेबलावर, उघड्यावर, एका वेळी एक, आणि आपण जागे असताना. बाहेर जाताना प्लग काढलेला, कार्ड खिशात. संध्याकाळी विजेचा दिवा लावायचा, दोघांनी समोर बसायचं, उठताना बंद करायचा. जन्मभर दिव्याचं कौतुक केलेला माणूस पहिल्यांदाच दिव्यासमोर बसला! आणि बसल्या बसल्या बायकोच्या बोटांना मलम लावू लागला.

हसलात? हसा. मघाशी मी हात धुवायला मंडपामागे गेलो होतो. देवीची रोषणाई, माझा हा माईक, पंखा आणि कुणाचे तरी चार मोबाईल — सगळं एका बोर्डावर! माईकच्या वायरीला प्लगच नाही. उघड्या तारा भोकात कोंबल्यात आणि हलू नयेत म्हणून आगकाड्या खोचल्यात! मंडपाचं कापड त्याला टेकलंय. कुणी केलं? नाव नको मला. पुढच्या रांगेत लेकरं बसली आहेत, एवढं बघा.

अध्यक्ष, उठा. मेन स्विच खाली करा. आत्ता! रोषणाई जाईल? जाऊ दे. माईक जाईल? जाऊ दे. लेकरांनो, जागचे हलू नका...

हं. झालं बंद? तर म्हणा — आई जगदंबेचा उदो! मोठ्यानं म्हणा, माईक नाहीये!