रेघेवरचा रिकामा गोल

बसा. सगळे बसा. पोट्ट्यांनो, थोडं मागं सरका, त्या म्हाताऱ्या मायले भिंतीले टेकू द्या.

मले माइकवर बोलता येत नाही. प्राचार्य साहेब म्हणाले, शांताबाई, तुम्ही दोन शब्द बोला. दोन शब्दांत माझं होत नाही, अन् जास्त बोलायची ताकद राहिली नाही. मॅडम गेल्या तेव्हापासून आल्या-गेल्याचा चहा मीच करून राह्यली. रडायले बसली तं दूध उतू जाते. म्हणून धड रडली बी नाही. आज बी रडणार नाही. आज मले भांडायचं आहे.

ज्याइले माहीत नाही त्याइले सांगते. मी या होस्टेलच्या मेसवर पोळ्या करते. शाळा चौथीपर्यंत, ते बी अर्ध्यातून सुटली. नंदा मॅडम कॉलेजात बारावीले गणित शिकवत, अन् राहत इथंच, माझ्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत. त्या रात्री जेवल्या, वरणात मीठ कमी आहे म्हणाल्या, झोपल्या. सकाळी उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बस. एवढंच.

आता आधीच्या दोघा-तिघांनी भाषणात सांगितलं, कधी न भरणारी पोकळी झाली. मॅडम इथं असत्या तं उठून विचारलं असतं, "कोणती पोकळी? नीट सांगा. भोक का भिंत?"

हसू नका. खरंच विचारलं असतं. सांगते कसं ते.

मेसमध्ये एक फळा आहे. त्याच्यावर मी भाजीचं नाव लिहिते. मोठ्या कष्टानं लिहिते, मले अक्षर जमत नाही. दुपारी कॉलेज सुटलं की मॅडम येत अन् माझं वांगं पुसून एक्स लिहीत. रोज! मी पोळ्या उलथायचा सराटा घेऊन बाहेर येई. "मॅडम, पोट्ट्याइले काय कळणार आज काय आहे?" तं म्हणत, "शांताबाई, वास येतो की!" काय बोलाव अशा बाईले?

मंग शिकवणं सुरू. वर एक्सचं काहीतरी, मधात आडवी रेघ, खाली एक्सचं काहीतरी. खालचं शून्य झालं की गाडी अडते. कोणी बी शून्यानं भागू शकत नाही. पण अडते कशी, ते दोन तऱ्हेनं. पोट्ट्या तिथंच गडबडत. त्याइले समजावता समजावता मॅडमले माझ्या पोळ्या दिसल्या.

"समजा, शांताबाईंनी चाळीस पोळ्या करून ठेवल्या. वीस मुली आल्या, दोन-दोन. दहा आल्या, चार-चार. एकच आली?"

"चाळीस!" पोट्ट्या ओरडल्या.

"अर्धी मुलगी आली?"

मी आतून म्हटलं, "अर्धी काहून? आधीच सुकून अर्ध्या झाल्या आहेत!"

"आलेखात अर्धी चालते, पावही चालते. खालचा आकडा शून्याकडे सरकत गेला की वाटा वर वर जातो. छपरातून बाहेर जातो. रेघ त्या जागेजवळ जाते, पण तिला कधी शिवत नाही. ही भिंत." पुस्तकात तिले असिम्प्टोट म्हणतात म्हणे. मॅडम आमच्यासाठी भिंतच म्हणत.

"आणि एकही मुलगी आली नाही तर प्रत्येकीला किती?"

मी म्हटलं, "मंग कुत्र्याले जातीन."

मॅडम इतक्या हसल्या, की खडू खाली पडला.

मंग दुसरी तऱ्हा. "आता समजा, जितक्या मुली, त्याच्या दुप्पट पोळ्या. वीसला चाळीस, दहाला वीस. दिवाळीला सगळ्या घरी गेल्या. मुली शून्य, पोळ्या शून्य. प्रत्येकीला किती?"

मी म्हटलं, "दोन. नेहमीसारख्या."

"कोणाला दोन?"

खरंच, कोणाले?

"उत्तर देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण सुट्टीच्या आधी दोन होत्या, सुट्टीनंतर दोनच आहेत. रेघ सरळ आहे. फक्त तेवढी एक जागा रिकामी. हे भोक." अन् रेघेवर बारीकसा गोल काढला. आत काही भरलं नाही.

त्याच्यानंतर आपली काजल उठली. बारावीची काजल, उमरखेडकडच्या तांड्यावरची. त्यांच्या बोलीत आईले याडी म्हणतात, तशी मलेच याडी म्हणते. फळ्यावर वर एक्सवर्ग वजा चार होतं, खाली एक्स वजा दोन. पोट्टीनं पटापट फोडलं, वरचं एक्स वजा दोन अन् खालचं एक्स वजा दोन फटाफट कापलं, अन् उरलेल्या एक्स अधिक दोनची पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली. इकडून तिकडं. खूश!

मॅडमनं विचारलं, "दोनवर काय आहे?"

"चार, मॅडम."

"कापायच्या आधीच्या गणितात दोन टाक."

टाकले. वर शून्य, खाली शून्य. पोट्टीचं तोंड उतरलं.

"कापलं म्हणून ते नव्हतं असं होत नाही, काजल. कापायच्या आधी बाजूला लिहून ठेवायचं, दोन चालत नाही. मग काप. आणि कापून झाल्यावर बघायचं, तेच खाली अजून उरलंय का? उरलं असेल तर भिंत. नसेल तर गोल काढ आणि रेघ पुढे ने."

गोल काढ अन् रेघ पुढं ने. हे वाक्य मी कणीक मळता मळता इतक्यांदा ऐकलं, की कान किटले होते. मी चिडून म्हणे, "मॅडम, आता पुरे, पोट्ट्याइले जेवू द्या." आता वाटते... जाऊ द्या. काय वाटते ते सांगून काय होते?

आता भांडण.

हरसिंग भाऊ, मी तुम्हाले पाहून राह्यली. काजलचे वडील आहेत हे. मागं बसले आहेत, अन् पायाशी पोरीची बॅग आहे. सगळं भरून ठेवलं आहे, गादी सुद्धा. शोकसभा झाली की उमरखेडच्या गाडीनं पोरगी घरी. सकाळी मी विचारलं, काहून? तं तुम्ही म्हणाले, "बाई, मी पोरगी कॉलेजले नाही दिलती. मॅडमच्या हवाली केलती. मॅडम नाही, तं कोणाच्या भरवशावर ठेवू?"

तुमचं खोटं नाही. तुम्ही दुष्ट बी नाही. तांड्यातून गणिताले आलेली पहिली पोरगी आहे, बापाच्या काळजात धडधड होणारच. मले माहीत आहे, मॅडम तुमच्या अंगणात येऊन चहा पिऊन गेल्या होत्या, तेव्हा तुम्ही हो म्हटलं.

पण भाऊ, तुम्ही तीच चूक करून राह्यले जी तुमच्या पोरीनं फळ्यावर केली. उलट्या बाजूनं. तिनं भोक पाहिलंच नाही अन् रेघ ओढून दिली. तुम्हाले भोक दिसलं, अन् तुम्ही त्याले भिंत समजले. म्हणता, इथून पुढं रस्ता नाही.

रस्ता आहे ना! पोरगी आहे. पुस्तक आहे. परीक्षा आहे. नवे मास्तर कधी येतीन मले माहीत नाही. प्राचार्य साहेब म्हणतात, प्रक्रिया सुरू आहे. साहेब, परीक्षा काही तुमच्या प्रक्रियेसाठी थांबत नाही, हे बी आजच ऐकून ठेवा. तोवर पोट्ट्या एकमेकीले शिकवतीन. काल काजलनं दोघीले हाच धडा समजावला, रडत रडत समजावला, मी दारातून पाहिलं. फळा त्यांचा. भाजीचं नाव मी लिहिणार नाही. वास येतो.

अन् भरवशाचं म्हणाल तं मी मॅडम नाही. मले एक्स येत नाही. कोणी मॅडमची जागा भरतो म्हणलं तं मी त्याच्या अंगावर जाईन. ती जागा भरायचीच नाही. तिथं गोल काढायचा. पण पोरगी कुठं गेली, कधी आली, जेवली का नाही, तिले ताप आहे का, हे मले येते. तेवढ्यापुरती तिले माझ्या हवाली करा.

करा म्हणते. हात जोडत नाही. पोरगी तुमची आहे.

काजल, तू मान वर कर. तू काही गुन्हा केला नाही.

बस, माझं झालं. थकली मी. आता सगळे उठा. मोबाइल बंद करा. मॅडमसाठी गुपचूप उभं राहू. ज्याले रडू येते त्यानं रडाव, इथं कोणी हिशेब ठेवत नाही.

हरसिंग भाऊ, तुम्ही बी उभे राहा. आत्ता उत्तर देऊ नका. शांतता झाली की मी सरळ आत जाईन, कणीक भिजवायची आहे. तेव्हा दारात येऊन मले एवढंच सांगा, काजल जेवायले आहे का नाही.