मुळ्यांवरचा दगड

हॅलो?… हो आई, हेसुनच. अहो, प्रयोगशाळेत आहे, दोन मिनिटांत… काय? सगळं किमचीचं लोणचं एकटीनं घातलंत? मी येणारच होते ना मीठ चोळायला…

दगड?… लोणच्यातले मुळे दाबायचा?… जिन्यात मडक्यांपाशी नाही?… नीट बघा… हो, असेल कुठंतरी…

कोण, बान काका? वॉचमन कशाला कचऱ्यात टाकेल?… आई, हळू बोला, समोर उभे आहेत ना ते?… तोंडावर बोललात?… कमिटीकडे तक्रार? नको! अहो, या वयात नोकरी जाईल त्यांची… ऐका ना… आई, थांबा.

दगड मी नेला.

…हो, मीच. थेग्यूवर नका ओरडू, तुमच्या लेकाला काही माहीत नाही. इथं आणला… बोगद्याच्या सुरुंगासाठी खडक तपासतोय, आलेले नमुने निघाले तडकलेले, आणि चाचणी बघायला आलेले पाहुणे दारात. तुमचा अखंड होता. म्हटलं, ओढ्यातला तर दगड, दुसरा आणू…

माहेरच्या ओढ्यातला?… तुमच्या आईनं दिलेला?… नव्हतं माहीत… नाही, विचारलंच नाही मी. जन्मभर दगडच बघतेय, आणि घरातला ओळखला नाही.

परत कसा देऊ, आई?… गोल वड्या कापल्या त्याच्या… आणि फोडल्या… अहो, वजनानं नाही. सावकाश दाबलं असतं तर एखादी भेग जाऊन दोन-चार तुकडे झाले असते. इथं लोखंडी दांड्याचा फटका बसतो, पापणी लवायच्या आत. एका भेगेला वाढायला सवडच मिळत नाही, सगळ्या एकदम उठतात… हो. भुगा… चिवट होता हो तुमचा दगड. सावकाश दाबून जेवढा जोर झेलला असता, त्याच्या दीडपट झेलला, मग गेला… टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी… मीसुद्धा.

लाज वाटते हो… नाही, परवा तुम्ही शोधत होतात तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर बसून चहा पीत होते मी…

काय?… मीच सांगू काकांना?… आई, नका, फोन त्यांच्याकडे नका देऊ, मी संध्याकाळी येऊन…

…हॅलो. बान काका? मी पाचव्या मजल्यावरची सून. ते… दगडाचं… अं?… तुम्ही दुसरा आणलात? मागच्या टेकडीवरून?… धुतलातसुद्धा? उकळत्या पाण्यानं?…

अहो, माफी कसली मागताय!… नाही, तुमच्या पहाऱ्यात नाही हरवला… काका, ऐका ना. तुमच्यावर आळ आला, आणि दगड मी फोडलाय. मी.

…काका?… हॅलो?…

फोन ठेवला त्यांनी.