चाळीस ग्रॅमचा डबा

चाळीस ग्रॅम हो. चाळीस ग्रॅम म्हणजे काय असतं, सांगा बरं? तुमच्या खिशातली किल्ल्यांची जुडी याहून जड भरेल, पण ते त्या काटेकोरला पटेल तर ना... काटेकोर म्हणजे काट्यावरचा माणूस, रोबोटच्या मारामारीच्या स्पर्धेत वजनं करायला बसतो तो, खरं नाव कुणाला ठाऊक नाही. मर्यादा दीड किलोची, आमचा रोबोट भरला एक किलो पाचशे चाळीस, घरच्या काट्यावर बरोब्बर दीड किलो होता, पण ऐकतो कोण? हा चष्म्यावरून बघत म्हणतो कसा, "पंधरा मिनिटं देतो. उतरवा, नाहीतर घरी न्या."

आता तुम्हाला सांगतो, रोबोट माझा नाही, माझ्या ताईचा. ताई कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये होती, तीस वर्षं पोरांच्या हातून मीटर वाचवण्यात गेली, मग निवृत्त झाली आणि घरात बसून नुसती सुकायला लागली... दुपारी चारला जाऊन बघावं तर सकाळचा चहा तसाच साय धरून पडलेला. मी फ्रिज दुरुस्त करतो, शेजारच्याच दारात राहतो. मीच म्हटलं, ताई, लोक छोटे रोबोट बनवून एकमेकांवर सोडतात, बघतेस का? झालं! जेवायच्या टेबलावर वर्कशॉप, जेवण मांडीवर, आणि ताई चक्क गुणगुणायला लागली. रोबोट दिसायला चपटा, म्हणून त्याचं नाव झाकण.

त्या झाकणात मोटरचा कंट्रोलर असतो, काडेपेटीएवढी पाटी, रिमोटचा हुकूम ऐकते आणि बॅटरीतला करंट मोटरला वाटून देते. ती मेली की रोबोट मेला. तर हा कंट्रोलर निवडायला महिना घालवला हो आम्ही. मी म्हणायचो, मोटर खाते दोन अँपिअर, पाचचा घेऊन टाक, हलका आहे. ताईने चाक पकडीत धरलं, मोटर चालू केली, म्हणाली, "मीटर वाच." अकरा! "चालत्या मोटरीवरून कंट्रोलर घेणार तू? अडकलेल्या मोटरीवरून घ्यायचा असतो. मारामारीत ती अडकणारच." आणि मी फ्रिजवाला, अडकलेला कॉम्प्रेसर किती खातो ते मला माहीत नाही? माहीत आहे, पण सुचलं का? मग मी बाराचा आणला, मोठ्या तोऱ्यात. तिने भिंग लावलं. "खालचं बारीक अक्षर वाच. बारा अँपिअर, फक्त दहा सेकंद. अकराव्या सेकंदाला काय करायचं, हात जोडायचे?" शेवटी वीसचा घेतला, तोही भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट मोजून, लेबलवरचे नव्हे.

आणि त्याला डबा केला तिने. जाड प्लास्टिक तापवून, वाकवून, आत स्पंज, कडा बंद, वायरी निघतात तिथेसुद्धा डिंक भरलेला. "आपटून कमी मरतात हे, धातूच्या किसाने शॉर्ट होऊन जास्त मरतात," म्हणायची. "शिवाय बॅटरी शेजारीच आहे, पाटी जळली तर तीही पेटेल. मधे भिंत हवी."

डब्याचं वजन बेचाळीस ग्रॅम.

हां... आलं ना लक्षात? ताई हॉलच्या पार त्या टोकाला लढतीची बॅटरी चार्ज करत बसलेली, वजनापुरती तसलीच जादाची बॅटरी आत घातली होती, बॅटरी सोडून उठायचं नाही असा तिथला नियम, आणि इकडे काटेकोर घड्याळ बघतोय. मला चाळीस ग्रॅम हवे होते. मी चार स्क्रू काढले, डिंक खरवडला, डबा खिशात टाकला, पाटी चिकटपट्टीने बसवली. "भरलं," काटेकोर म्हणाला. तिला सांगणार होतो हो. पण ती एवढी खुशीत आली, बॅटरी बसवताना आतली चिकटपट्टीसुद्धा बघितली नाही, मला म्हणाली, "वजन कसं जमवलंस रे?" मी म्हटलं, जमवलं.

लढत दीड मिनिट चालली. समोरच्याचं पातं आमच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर असं घासलं की नुसता चुरा, चांदीसारखा, आणि तो कुठे गेला असेल? झाकण जागच्या जागी थांबलं, धुराची बारीक रेघ. पंचाने लढत थांबवली, लढतीच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. ताई निघाली. चालता चालता मला सांगते, "घाबरू नकोस, चाकाची मोटर जळतेय. कंट्रोलर डब्यात आहे, बॅटरीला काही होत नाही. काढून घेते." तिच्या टेबलापासून त्या दारापर्यंत दहा पावलं. मी मोजली आहेत, नंतर पुष्कळदा मोजली. डबा माझ्या खिशात, मांडीला टोचतोय, आणि तोंड... तोंड उघडलंच नाही माझं. चाळीस ग्रॅमचं एवढं ओझं होतं त्याच्यावर.

तिने वरचा पत्रा उचलला आणि बॅटरीने पेट घेतला.

हॉस्पिटलात नर्स मला विचारते, "पेशंटच्या वस्तू आहेत का काही?" मी खिशातून डबा काढला. ताईने बघितला. मग म्हणते, "किती जास्त भरलं होतं?"

"चाळीस ग्रॅम."

"मला हाक मारायचीस, चार्जिंग बंद करून आले असते. मागच्या पत्र्याला आठ मोठी भोकं पाडली असती. दहा मिनिटांचं काम." आणि तोंड भिंतीकडे वळवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगतो, पण तिने फक्त पांघरूण नीट करायला सांगितलं. उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. ती करते.

दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस भिंतीवर थाप, आमची भिंत एकच आहे ना. गेलो. टेबलावर नवीन पत्रा, नवीन कंट्रोलर, सोल्डरिंगची कांडी तापलेली. "बस," म्हणाली. "मला धरता येत नाही. मी सांगेन तसं करायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही." तेव्हापासून रोज बसतो. डावीकडे घे, जास्त झालं, पुस, परत कर... साठीला आलेला माणूस मी, हूं की चूं करत नाही.

गल्लीतले लोक कौतुकाने म्हणतात, तुम्ही तर ताईंचा उजवा हात झालात... काय सांगू त्यांना? झालोय.